तिरडी उचलायच्या आधी वाजवायची टेप

मी, देवानंद उत्तमराव मेहरे, वय एकोणसाठ, धंदा ध्वनिमुद्रण, राहणार बडनेरा रोडमागचा मेहऱ्यांचा मळा, अमरावती, हे माझं शेवटचं लिहिणं आज माझ्याच हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डावा कान गेलेला आहे, पण कायद्याला कान लागत नाही असं वकीलबाईंनी सांगितलं. मला कोणी पाजलेलं नाही, कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून सही मागितलेली नाही. फुप्फुसात काय निघालं ते डॉक्टरांनी दाखवलं, मी घरी आलो, वर्षालीनं केलेला झुणका खाल्ला आणि लिहायला बसलो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण आपण मरू असं मला वाटलंच नव्हतं.

आमच्या वकीलबाई गीतांजली तायवाडे यांनी बजावलं आहे, "काका, प्रमाण मराठीत लिहा, अन् मुद्द्याचंच लिहा. कोर्टात तुमची कहाणी कोनी वाचत नाही." म्हणून प्रमाण मराठीत लिहून राहिलो. मुद्द्याचंही लिहीन. पण मुद्दा शेवटी आहे आणि तिथपर्यंत जायला रस्ता लागतो, त्याला माझा इलाज नाही.

कलम १. मळ्यातलं माझ्या वाट्याचं घर, त्याच्या दोन खोल्या, न्हाणी, विहिरीच्या पाण्यातला माझा हक्क, आणि जुनी कांद्याची चाळ जिच्यात माझा स्टुडिओ आहे, हे सगळं माझ्या मागे माझी पत्नी सौ. वर्षाली हिचं. बँकेत आणि विम्यात जे असेल तेही तिचंच. आम्हाला लेकरू नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणी मध्ये पडायचं कारण नाही.

इथे एक लिहून ठेवतो. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना सांगितलं, "पोरगा रेकॉर्डिंगमधे हाये." त्यांना वाटलं, तहसील कचेरीत रेकॉर्डवर आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरेबुवा मळ्यात आले तेव्हा चाळीत चार पोरं गळे फाडून ओरडत होती. सासरेबुवा चपला न काढता परत निघाले. वर्षालीनं त्यांना फाटकापाशी गाठलं आणि चहा प्यायला लावला. तेव्हापासून आजपर्यंत तिनं मला एकदाही "हे बंद करा" म्हटलं नाही. शाळेतून शिकवून थकून यायची, तरी नाही. मी तिला त्याबद्दल कधी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

कलम २. माझा धंदा काय होता हे कोर्टाला कळावं म्हणून. लग्नात, गणपतीत, निवडणुकीत भोंगे लावण्यापासून मी सुरुवात केली. मग भजनी मंडळांच्या कॅसेटी, सरपंचपदाच्या उमेदवारांची गाणी, दुकानांच्या जाहिराती. पोट यावर भरलं. पण मला विचाराल तर मी आयुष्यात एकच काम केलं, ते म्हणजे हार्डकोर पंक नावाचं संगीत मुद्रित करणं. म्हणजे दीड-दोन मिनिटांचं गाणं, ढोल-गिटार पळत सुटलेले, आणि गाणारा गात नाही तर ओरडतो. मारामारी वाटते, पण असते ती तक्रार. नळाला पाणी नाही, कॉलेजात मास्तर नाही, बाप बोलू देत नाही, असल्या तक्रारी.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलातल्या पोरांनी मला ते पहिल्यांदा ऐकवलं. त्यांना वाटलं हा भोंगेवाला कानावर हात ठेवील. मी म्हटलं, "अरे, हे तं हर्राशी हाये!" आमचं घराणं भाजीचं. पहाटेच्या बाजारात मालाची हर्राशी चालते, अडत्या एका दमात बोली ओरडतो, श्वास घ्यायला सुद्धा थांबत नाही. मी त्या आवाजात वाढलो. त्याच बाजारात बोली ओरडणारा माझा थोरला भाऊ केशवराव हा अमरावतीतला सगळ्यात मोठा हार्डकोर गळा आहे. त्याला अजून ते माहीत नाही.

अमरावती, अकोला, नागपूर, पार पुण्या-बंगळूरपर्यंतच्या पोरांचं मी मुद्रण केलं. माझी पद्धत अशी की सगळ्यांना एका खोलीत उभं करायचं, एका दमात वाजवायला लावायचं आणि चुकलं तर चुकलेलंच ठेवायचं. मशीन कधी मध्ये थांबवायचं नाही, रीळ संपेपर्यंत चालू द्यायचं. आणि तोंड बंद. गाण्यात काय असावं काय नसावं यावर मी कधी ब्र काढला नाही. "मशीन माझं, गाणं तुमचं," एवढंच म्हणायचो. लोक माझ्या या गुणाचं कौतुक करत. आता मला तो गुण वाटत नाही.

कलम ३. थोरले बंधू केशवराव उत्तमराव मेहरे यांना माझ्या मिळकतीतून काही नाही. का नाही ते ऐका.

माझ्याकडे मुद्रणाच्या मोठ्या रिळांनी भरलेल्या पेट्या होत्या. माझी सगळी उमेद त्यात होती. मी आणि वर्षाली आईच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो त्या आठवड्यात टोमॅटोच्या प्लॉटवर पोपट उतरले. पाखरं भ्यावीत म्हणून शेतावर कॅसेटची फीत ताणतात हे सगळ्यांना माहीत आहे. वाऱ्यानं ती गुणगुणते. केशवरावांनी चाळ उघडली, पेट्या काढल्या आणि गड्यांना सांगून साऱ्या प्लॉटवर फीत ताणली. मी आलो तर माझी पंचवीस वर्षं टोमॅटोवर चमकून राहिली होती. मी मातीत बसलो. केशवराव म्हणतात कसे, "कावून रडून राहिला बे? पाखरं तं भेली ना!"

खरं सांगायचं तर पाखरं भ्यालीही नव्हती. पोपट फितीवरच बसले होते.

फीत गुंडाळून आणली, पण उन्हानं आणि दवानं तिच्यावर काही उरलं नव्हतं. त्यानंतर मी भावाशी फक्त विहिरीच्या मोटरीपुरतं बोललो. तेही वाईटच झालं. तो अडाणी नाही, त्यानं विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, विचारलं नाही एवढाच त्याचा गुन्हा. भावजय आशाबाई दर दिवाळीला ताट पाठवत राहिल्या आणि मी रिकामं ताट परत पाठवत राहिलो. त्या ताटांबद्दल आशाबाईंची मी इथे माफी मागतो. केशवरावांसाठी कलम ८ मध्ये एक काम ठेवलं आहे. ते काम हाच त्यांचा वाटा.

आईचं नाव निघालंच आहे तर, माणिकबाईंचा आवाज माझ्याकडे कुठेही नाही. दुनियेच्या पोरांचं ओरडणं मी जपलं, आणि आईला एकदा माइकसमोर बसवलं नाही. ती म्हणायची, "माहं काय घेतं रे, मी काय गाते का?" मीही मग म्हणायचो, घेऊ कधीतरी.

कलम ४. माइक, आवाज जुळवायचं मोठं टेबल, स्पीकर, वायरी आणि दोन्ही मशिनी कु. करिश्मा वानखडे यांना. त्या दिवसा कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतात आणि उरलेल्या वेळात ड्रम वाजवतात. दोन्हीकडे सारख्याच रागावतात. चाळ वर्षालीची आहे, त्यामुळे तिथे वाजवायचं असेल तर तिला विचारावं. ती हो म्हणेल. चहा तेवढा करिश्मानं करावा.

पुण्याच्या ज्या गृहस्थांनी माझं काम "कच्चं" असल्याचं छापलं होतं, त्यांना काही नाही.

कलम ५. इथून मुद्दा सुरू होतो.

अकोल्यात जुन्या शहरात बद्रुद्दीन मन्सुरी यांचं गादीचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांचा मुलगा गुलफाम. त्याचा बँड होता 'सरकी'. कापसातून काढून फेकतात ती सरकी. मी ज्या ज्या पोरांचं मुद्रण केलं त्यांत गुलफामसारखा पोरगा दुसरा नाही. अंगानं सुतळी, आवाज सुतळीबॉम्ब.

त्यांचं मुद्रण मी त्यांच्या गोदामातच केलं, कारण भिंतींना लागून गाद्या रचलेल्या होत्या आणि आवाज असा कोरडा, घट्ट येत होता की लाखाच्या स्टुडिओत येणार नाही. गोदामाला लागून स्वयंपाकघर, मध्ये टिनाचं दार. तिकडे गुलफामची अम्मी, सईदाभाभी. रोज दुपारी दस्तरखान मांडला जायचा आणि मला हाक यायची, "देवाभाऊ, खाना खाया क्या?" वरण, भात, अंबाडीची भाजी. पहिल्या दिवशी मी संकोचलो, तर म्हणाल्या, "हमारे यहां मशीन बी भुका नहीं चलता, आदमी कैसा चलेगा?" आठवडाभर त्या घरचं मीठ खाल्लं.

शेवटच्या दिवशी 'नळ' नावाचं गाणं चाललं होतं. गुलफामनं ते इतक्या वेळा ओरडून म्हटलं की गळ्यातून रक्त यायचं बाकी होतं. जेवण निवत होतं. गाणं संपलं, शेवटचा ठोका पडला आणि टिनाच्या दारामागून सईदाभाभी कडाडल्या, "अरे गला फट जाएगा नामुराद! मर जा एक बार का, रोज-रोज काय कू मरता!"

मशीन चालूच होतं. बरोबर मुद्रित झालं.

पोरं हसून लोळली. गुलफाम म्हणाला, "देवाभाऊ, ये रहेगा. यहीच असली है." मला क्षणभर वाटलं, आईचं बोलणं आहे, विचारावं तिला. पण माझं ठरलेलं. मशीन माझं, गाणं तुमचं. 'पिंजण' नावानं सीडी निघाली आणि गाण्याच्या शेवटी ते वाक्य राहिलं.

कलम ६. पुढे ते वाक्य गाण्यापेक्षा मोठं झालं. सरकीचा कार्यक्रम कुठेही असो, 'नळ' संपलं की सगळी पोरं एका आवाजात ओरडायची, "मर जा एक बार का!" कोणी ते बनियनवर छापलं. कोणी दुचाकीवर लिहिलं. मलाही गंमत वाटत होती, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सईदाभाभी एकट्या मळ्यात आल्या. अकोल्याहून बसनं, हातात डबा. घामानं भिजलेल्या. वर्षालीनं पाणी दिलं, ते पिऊन त्या मला म्हणाल्या, "देवाभाऊ, एक बात पूछूं? वो सीडी जितनी बार बजती, उतनी बार मेरी बद्दुआ लगती क्या उसकू?"

मी म्हटलं, "भाभी, असं काही नसते. ते तं मशीन हाये."

"मशीन में से मेरीच आवाज निकलती ना?"

त्यांच्या माहेरी पातूरला लग्न होतं, तिथे बायकांनी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "आपने सगे बेटे कू मर जा बोला?" तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. आईचं बोललेलं लागतं, असं त्यांना वाटत होतं. एकदा रागात बोललं तर अल्ला माफ करतो, पण हे तर रोज, गावोगाव, हजार पोरं बोलत होती.

मी म्हटलं, काढून टाकतो. त्या म्हणाल्या, "निकली हुई कैसी निकालते? तुम ऐसा करो, उसके पीछे मेरी दुआ डाल दो."

मग चाळीत बसवलं. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर येते. बिचाऱ्या उकाड्यात माइकसमोर बसल्या आणि हळूच, नमाजात बोलतात तसं बोलल्या. मशिनीवरचा आवाज मोजणारा काटा हलला नाही. मी ते 'नळ'च्या मागे लावून ऐकवलं. गाण्यानंतर ते ऐकूच येईना. भाभी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "बद्दुआ दिखती, दुआ नहीं दिखती?"

मी म्हटलं, "भाभी, शिवी जितक्या जोरात दिली, दुआ बी तितक्याच जोरात पायजे. नाहीतर पुरत नाही."

त्या उठल्या. मग डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि विचारलं, "दरवाजा कहां है?" मी चाळीच्या टिनाच्या दारामागे त्यांना उभं केलं, माइक अलीकडे ठेवला, अकोल्यात होतं अगदी तसं. 'नळ' मोठ्यानं लावलं. गुलफाम ओरडत होता, शेवटचा ठोका पडला, आणि दारामागून सईदाभाभी त्याच्यावर ओरडल्या. काय ओरडल्या ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकायचं आहे. काटा लाल पट्टीत गेला आणि तिथेच थरथरत राहिला. आवाज फाटला. कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता, पुन्हा घेऊ. मी म्हटलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या मशिनीत असं ओरडणं दुसरं आलेलं नाही.

त्या बाहेर आल्या, रीळ संपलं. मी म्हटलं, "गुलफामले आजच ऐकवतो." तर माझं मनगट धरलं. "नहीं! बद्दुआ चार लोगों में गई, दुआ बी चार लोगों में जाना. कान में बोली हुई दुआ मेरे कू नको. नई सीडी में आने दो, लोगों के सामने सुनेगा. तब तक तुम्हारे मुंह से निकलना नहीं. मेरे घर का नमक खाए हो." मी शब्द दिला.

कलम ७. आता माझं काय चुकलं ते.

पहिल्या सीड्यांची खोकी चाळीत पडून होती. भाजीवाल्याच्या घरचा मी. जुनी जुडी उठल्याशिवाय ताजी गठडी सोडायची नाही, हे आमच्या हाडात आहे. म्हटलं, हा माल उठू दे, मग दुसरी आवृत्ती काढू, तिच्यात दुआ घालू. पण पोरांनी सीड्या विकत घेतल्याच नाहीत. एकमेकांच्या नकला करून घेतल्या. गाणं देशभर गेलं आणि खोकी जागची हलली नाहीत. मी मात्र खोक्यांकडे पाहत थांबलो. भाभींचे निरोप येत होते, शाहीनकडून, म्हणजे त्यांच्या लेकीकडून, "अम्मी पूछ री, नया माल आया क्या?" शाहीनला वाटायचं गाद्यांच्या कापसाचं विचारून राहिली. मी म्हणायचो, "येऊन राहिला, सांग." असं म्हणत चार वर्षं काढली. मूर्खपणाला दुसरं नाव नाही.

सईदाभाभी गेल्या तेव्हा गुलफाम पुण्यात कार्यक्रमात होता. 'नळ' संपलं होतं, पोरं ते वाक्य ओरडत होती, आणि त्याच्या खिशात फोन वाजत होता. त्यानं त्या दिवशी माइक खाली ठेवला तो ठेवला. मला म्हणाला, "देवाभाऊ, बोला हुआ लगा. मेरे कू नहीं, उसकू लगा." बँड मोडला. बद्रुद्दीनभाईंच्या मागे दुकानही गेलं. गुलफाम धारणीला निघून गेला आणि तिथे प्रवासी जीप चालवू लागला. मेळघाटातल्या त्या वळणांवर त्याची जीप एकदा दरीत गेली. झाडानं अडवली म्हणून वाचला, पायात मात्र लंगडेपण राहिलं. शाहीननं मला सांगितलं, तो म्हणतो, आता माझी पाळी आहे, अम्मीचं बोलणं अर्धं उरलंय.

मला हे ऐकवेना. मी सीडी परत काढायला निघालो. पण गाणी त्याची. त्याच्या होकाराशिवाय निघणार नाहीत, आणि तो म्हणतो, "वो आवाज दुनिया में एक बार बी और नहीं बजेगी." दुआ आवृत्तीशिवाय ऐकवायची नाही, आणि दुआ ऐकल्याशिवाय तो आवृत्ती काढू देत नाही. मी मधल्या मध्ये, भाभींचं मीठ खाऊन बसलेला. म्हटलं, अकोल्यात चार लोक जमवतो, तिथे वाजवतो. बोलावलं. आला नाही. दुसऱ्यांदा बोलावलं. मग स्वतः धारणीला गेलो, जीपच्या अड्ड्यावर त्याला गाठलं. त्यानं मला चहा पाजला, पाया पडला आणि म्हणाला, "देवाभाऊ, तुम्हारे ऊपर राग नहीं. पर तुम दिखे के वो गाना सुनाई देता. अब तुम्हारी मय्यत में आऊंगा. खांदा दूंगा. पक्का."

मी परत आलो. त्या वेळी शब्द तोडून सांगून टाकायला पाहिजे होतं, असं वर्षाली आजही म्हणते. ती म्हणते, मीठ खाल्लेल्या माणसानं मीठ देणारीच्या पोराला मरू द्यायचं नसते. तिचं बरोबर असेल. बोलायच्या जागी गप्प राहायचं ही माझी सवय आणि तिला मी शब्द पाळणं म्हणत आलो. पण त्या बाईनं माझं मनगट धरलं होतं, ते अजून सुटत नाही.

भाभींची ती टेप टोमॅटोवर गेली नाही, कारण ती चाळीत नव्हती. आईच्या कुरडयांच्या डब्यात ठेवली होती.

कलम ८. म्हणून माझं प्रेत घरात असताना पुढीलप्रमाणे करावं. हे कलम वर्षालीनं आधीच वाचलं आहे. बाकी मृत्युपत्र मागाहून उघडलं तरी चालेल.

गुलफामला निरोप जाईल आणि तो येईल. तो शब्दाचा पक्का आहे. धारणीहून यायला वेळ लागतो, रस्ता खराब आहे, तरी त्याची वाट पाहावी. तो आल्याशिवाय तिरडी बांधू नये. नातेवाईक घाई करतील, उन्हाचं सांगतील. ऐकू नये. मला ऊन लागणार नाही.

करिश्मानं दोन मोठे स्पीकर अंगणात लावावेत आणि टेप स्वतःच्या हातानं चढवावी. आधी 'नळ', पूर्ण, त्या वाक्यासकट, आणि लगेच त्यामागे दुआ. गुलफाम उठून जायला लागेल. शाहीननं त्याचा हात धरून ठेवावा.

गर्दीला गप्प करायचं काम केशवरावांचं. प्रेताच्या घरी बायाबापड्या रडतात, पुरुष मोबाइलवर बोलतात. हे सगळं एका हाकेत बंद करू शकेल असा गळा माझ्या भावाशिवाय कोणाचा नाही. दादा, तेवढं कर. फितीचं मी विसरलो.

आवाज कमी करू नये. फाटतो आहे असं वाटलं तरी करू नये, तो तसाच आहे. कोणी म्हणेल, मयताच्या घरी हे काय. त्याला सांगावं, मयताचीच इच्छा आहे.

ऐकून झाल्यावर 'पिंजण'च्या मुद्रणावरचे माझे सगळे हक्क, आणि ती टेप, गुलफाम बद्रुद्दीन मन्सुरी याला. सीडी परत काढायची की नाही हे त्यानं ठरवावं. काढली तर दुआशिवाय काढू नये. आणि गुलफाम, माझं एक ऐक. तू म्हणतोस ते अम्मीला लागलं. तसं नाही रे बाबा. टेपमध्ये ती स्वतःची उमर तुला देऊन राहिली आहे, ओरडून, माझ्यासमोर, शुद्धीत. तिच्याकडून कोणी हिसकावून नेलेलं काही नाही. तिनं दिलं. जीप सावकाश चालव.

एक राहिलं. माझ्या सवयीप्रमाणे मशीन मी थांबवलं नव्हतं. दुआ संपल्यावर टेपमध्ये थोडा वेळ काही नाही, फक्त त्यांचा दम लागलेला ऐकू येतो. मग टिनाचं दार वाजतं, डबा उघडल्याचा आवाज येतो, आणि सईदाभाभी मला विचारतात, "देवाभाऊ, खाना खाया क्या?" माझा आवाज तिथे नाही, मी नुसती मान हलवली होती. ते कापू नये. ते ऐकून झालं की मला उचलावं.

हौ भाभी, खाल्लं.

वरचा मजकूर मी माझ्या हातानं लिहिला, स्वतः वाचला, एका कानानं वर्षालीच्या तोंडून ऐकलाही. त्यात खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं. आत काय आहे ते त्यांनी वाचलेलं नाही, त्यांना यात काही मिळत नाही, आणि कळायचं ते त्यांना अंगणात कळेलच.

लिहून ठेवणार :
देवानंद उत्तमराव मेहरे (सही)

साक्षीदार :
१. डॉ. प्रतीक्षा सुधाकर ठाकरे, अमरावती (सही). यांनी मला तपासून मी शुद्धीवर असल्याचं वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे.
२. मनोज बापूराव इंगोले, चहाची गाडी, बडनेरा रोड, अमरावती (सही)

ठिकाण : मेहऱ्यांचा मळा, अमरावती
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार, दुपारची वेळ, पंखा बंद